फ्रेंचची क्लेप: फी भरण्याआधी रजिस्ट्रारचं लेखी उत्तर घ्या

दर जूनमध्ये मी कोथरूडला आईकडे येते आणि आठवड्याभरात सोसायटीतल्या कुणाची तरी मुलगी, कुणाचा तरी भाचा भेटायला येतो. ऑगस्टमध्ये अमेरिकेला निघालेले, पदवीच्या पहिल्या वर्षाला. कुकर न्यावा का, मसाले किती न्यावेत, ते आई सांगते. मी विचारते, बारावीला फ्रेंच होतं ना? मग क्लेपचं काय ठरवलंय?

क्लेप ही अमेरिकेतल्या कॉलेज बोर्ड या संस्थेची परीक्षा. विषय येतो हे तिथे दाखवायचं आणि वर्गात न बसता कॉलेजकडून क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक, मिळवायचं. गुण २० ते ८० या पट्टीवर मिळतात. फ्रेंचसाठी शिफारस अशी की ५० गुणांना सहा क्रेडिट, ५९ गुणांना नऊ. अख्ख्या पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात, त्यावरून सहा-नऊ क्रेडिटची किंमत ओळखा. पण ही फक्त शिफारस आहे. किती गुणांना किती द्यायचं, मुळात द्यायचं का, हे प्रत्येक कॉलेज आपलं आपण ठरवतं. काही नावाजलेली विद्यापीठं क्लेप मानतच नाहीत.

माझं काय झालं ते सविस्तर सांगते, कारण दर वर्षी कुणी ना कुणी हेच करतं. २००७ साली पहिल्या सेमिस्टरला चांगली ग्रेड मिळेल म्हणून मी प्राथमिक फ्रेंचचा वर्ग घेतला. नोव्हेंबरात क्लेपबद्दल कळलं. सल्लागारबाईंना विचारलं, त्या हसून म्हणाल्या, "शुड बी फाइन." मी तो होकार समजले. परीक्षा दिली, ६३ गुण मिळाले, त्या रात्री घरी फोन करून सांगितलंसुद्धा. पंधरा दिवसांनी रजिस्ट्रारच्या, म्हणजे क्रेडिटची नोंद ठेवणाऱ्या, ऑफिसचं उत्तर आलं: इथे एखाद्या भाषेच्या वर्गात नाव घातलं की त्या भाषेचं परीक्षेतून क्रेडिट मिळत नाही. नियम पुस्तिकेत छापलेला होता. नऊ क्रेडिट गेली. वर जो वर्ग मला घ्यायचीच गरज नव्हती, त्याची परदेशी विद्यार्थ्याच्या दराने फी भरून झाली होती, आणि ती बाबांनी काढलेल्या शैक्षणिक कर्जातून गेली होती. ते मला अजून लागतं.

म्हणून क्रम हाच ठेवा. आधी रजिस्ट्रारला ईमेल: फ्रेंचची क्लेप मानता का, किती गुणांना किती क्रेडिट, बारावीला फ्रेंच घेतल्यामुळे काही अडचण आहे का, पदवीला परकी भाषा सक्तीची असेल तर त्या अटीत ही क्रेडिट धरली जातात का. उत्तर लेखी आलं की जपून ठेवा. मग परीक्षा. आणि ते सगळं होईपर्यंत फ्रेंचच्या वर्गात नाव घालू नका. अमेरिकेबद्दल माझं मत असं की लेखी नियम तिथे सहसा पाळला जातो आणि तोंडी शब्दाला कुणी बांधील नसतं. आपण पुणेकर ऑफिसात ओळख काढून, चार गोड शब्द बोलून काम होईल असं धरून चालतो. तिथे नेमका प्रश्न ईमेलने विचारला की नेमकं उत्तर येतं, आणि विचारण्यात कमीपणा नाही.

नाव आधीच घातलं असेल तर घाईने वर्ग सोडू नका. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या मुलांना सेमिस्टरला किमान १२ क्रेडिटचे वर्ग लागतात आणि क्लेपची क्रेडिट त्यात धरत नाहीत. आधी परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात विचारा.

आता तयारी. तिकडची आपलीच मुलं सांगतील, "बारावीचं फ्रेंच झालंय ना, मग झोपेत सुटेल." त्यांच्यावर विसंबू नका. आपण बारावीला व्याकरण आणि भाषांतर घोटतो, कान मात्र कोरे राहतात. क्लेपमध्ये दीड तासात सुमारे १२० प्रश्न असतात आणि ४० टक्के भार ऐकण्यावर असतो. सुरुवातीच्या भागात तर प्रश्नही ऐकायचा आणि चारही पर्याय ऐकायचे, पडद्यावर छापलेलं काही नाही. लिहायचं नसतं, बोलायचं नसतं, तेव्हा निबंध पाठ करण्यात वेळ घालवू नका.

पुस्तकात 'ले' आणि 'आमी' वेगळे दिसतात, कानावर येतं 'लेझामी'. 'झ न से पा' हे बोलताना नुसतं 'शेपा' होतं. आरएफआय या फ्रेंच रेडिओची सोप्या फ्रेंचमधली दहा मिनिटांची बातमीपत्रं रोज ऐका: आधी मजकूर न बघता दोनदा, मग मजकूर समोर ठेवून. आकड्यांचा वेगळा सराव करा. सत्त्याण्णव म्हणजे त्यांचे चार विसा (चार वेळा वीस), दहा आणि सात. माझी आजी बाजारात 'चार विसा' असंच मोजायची, त्यामुळे मला ते लवकर बसलं. 'तु' आणि 'वू' आपल्या तू-तुम्हीसारखे, ते आपल्याला जड नाहीत. लिंग मात्र मराठीवरून लावू नका: आपलं टेबल नपुंसकलिंगी, त्यांचं स्त्रीलिंगी. आणि 'लिब्रेरी' म्हणजे पुस्तकांचं दुकान, ग्रंथालय नव्हे. उरलेला ६० टक्के भार वाचनाचा, तिथे असले शब्द फसवतात.

पुण्यात निघण्याआधी दोन महिने हातात असतील तर ते वापरा. फ्रेंच शिकायला पटवर्धन बागेत अलियाँस फ्रांसेज आहे, फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट आहे. एवढी सोय तिकडे कित्येक कॉलेजगावांत नसते, आणि विमानातून उतरल्यावर पहिले सहा आठवडे घर, बँक आणि वर्ग यांतच जातात. माझ्या मते सप्टेंबरअखेर परीक्षा द्यावी, फ्रेंच कानात ताजं असताना.

परीक्षेला पासपोर्ट मूळ न्या. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, एकही प्रश्न सोडू नका. कमी पडलात तर तीच परीक्षा तीन महिन्यांनी पुन्हा देता येते. आणि अर्ज भरतानाच गुण कुठल्या कॉलेजला पाठवायचे ते निवडा.