कापूस अन् तूर एकदम टिक केलं की फॉर्म गप्प बसते

संस्थेत लागलात, नाहीतर एमएसडब्ल्यूचं (समाजकार्याच्या मास्टर्सचं) फील्डवर्क आलं, की सर्व्हेचा फॉर्म तुमच्याच गळ्यात पडते, कारण "तुला कॉम्प्युटर येते ना". पहिले सगळे गूगल फॉर्मकडे पळतात. पळा, शिकायला बरा आहे. पण उत्तर पाहून दुसऱ्या सेक्शनवर न्यायची सोय त्यात मल्टिपल चॉइस अन् ड्रॉपडाउनलाच आहे (दोन्हीत एकच उत्तर निवडता येते), अनेक उत्तरं टिक करायच्या चेकबॉक्सला नाही, अन् सेक्शन संपल्यावर कुठं जायचं ते बदललं नाही तर कापूसवाला सरळ सोयाबीनच्या प्रश्नात घुसते. वरून मेळघाटात किंवा झरी-जामणीकडच्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, टावर कुठं आहे? म्हणून शेवटी ओडीके नाहीतर कोबो टूलबॉक्स, ही फोनवर सर्व्हे भरायची साधनं. ऑफलाइन भरा, रेंजमध्ये आलं की पाठवा.

त्यांचा फॉर्म एक्सेलमध्ये बनते: सर्व्हे शीटमध्ये प्रश्न, चॉइसेस शीटमध्ये उत्तरांचे पर्याय अन् त्यांचे कोड, अन् रिलेव्हंट कॉलममध्ये प्रश्न कधी दाखवायचा त्याची अट. आता खड्डा कुठं आहे ते सांगतो, मीही त्यातूनच निघालोय.

प्रश्न आहे "कोणतं पीक घेता?" अन् सुरुवातीला तो सिलेक्ट वन, म्हणजे एकच उत्तर. बोंडअळीच्या प्रश्नापुढं रिलेव्हंटमध्ये लिहिलं, पीक = कापूस. मस्त चालते. मग कोणीतरी म्हणते, बावा आपल्याकडं कपाशीत तुरीचे तास असतातच, एकच पीक कसं सांगन माणूस? बरोबर आहे. तुम्ही प्रकार बदलून सिलेक्ट मल्टिपल, म्हणजे अनेक उत्तरं, करता, अन् रिलेव्हंटला हात लावत नाही. इथंच मेलं. कारण आता दोन पिकं निवडली की फॉर्म ते उत्तर "कापूस तूर" असं मध्ये जागा सोडून एकाच ओळीत ठेवते, अन् बरोबरचं चिन्ह (=) पूर्ण ओळ ताडून पाहते. "कापूस तूर" म्हणजे "कापूस" नाही, म्हणून प्रश्न लपते. एरर नाही, लाल अक्षरं नाही, काहीच नाही. ऑफिसात टेस्ट करताना आपण फक्त कापूस टिक करतो, प्रश्न दिसते, आपण खूश. फील्डवर जवळपास प्रत्येक काका म्हणते "पऱ्हाटी (म्हणजे कापूसच) अन् तूर", अन् बोंडअळीचं कोणी विचारतच नाही. डेटात उरतात फक्त निव्वळ कापूसवाले, अन् रिपोर्ट त्यांच्यावरच निघते.

उपाय एका ओळीचा आहे. मल्टिपल असन तर बरोबरचं चिन्ह नाही, सिलेक्टेड फंक्शन वापरा, कंसात आधी प्रश्नाचं नाव, मग पर्यायाचा कोड. अन् कोडमध्ये जागा सोडू नका, कारण जागेवरूनच फॉर्म दोन उत्तरं वेगळी करते.

दुसऱ्याचा रेडीमेड फॉर्म उचलून नावं बदलणारे मला पटत नाहीत. त्याच्या अटी त्याच्या गावासाठी असतात. अन् "हे तर दहा मिनिटांचं काम आहे" म्हणणाऱ्या सरांपेक्षा फोन घेऊन घरोघरी जाणाऱ्या ताईला विचारा, कुठं गाडी अडते ते तिला पहिल्या दोन घरांतच कळते. आधी कोणत्या उत्तरावरून कोणत्या प्रश्नावर जायचं त्याचे कागदावर बाण काढा, मग एक पीक, दोन पिकं, पडीक शेत, अन् मागं जाऊन उत्तर बदललं तर काय, असं सगळं भरून पहा.

महत्त्वाचे प्रश्न रिक्वायर्ड करा, म्हणजे उत्तर दिल्याशिवाय पुढं जाता येणार नाही, सोबत "माहीत नाही" पर्याय द्या. लपलेला प्रश्न रिक्वायर्ड असला तरी अडवत नाही, म्हणून डेटात रिकामं दिसलं की समजा प्रश्न विचारलाच गेला नाही.

घाबरू नका, एक्सेलमध्ये सरासरी काढता येत असन तर हेही जमते. फक्त सर्व्हे चालू असताना दुरुस्ती केली तर पुन्हा डिप्लॉय करा, म्हणजे नवीन फॉर्म चालू करा, अन् प्रत्येकाच्या फोनवर नवीन फॉर्म उतरला का ते स्वतः पहा, "हो सर, झालं" वर जाऊ नका.