आय-फ्रेम की जे-फ्रेम? मूठ बघा

इथे ओहायोतल्या गन शोमध्ये टेबलावर जुनं छोटं स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हर दिसलं की विकणारा बेधडक ‘जे-फ्रेम’ म्हणून मोकळा होतो. लगेच मान डोलवू नका. फ्रेम म्हणजे रिव्हॉल्व्हरचा सांगाडा; या कंपनीचा आय-फ्रेम हा जुना, जे-फ्रेम हा त्यानंतरचा, जरा लांब.

आधी सिलिंडर, म्हणजे गोळ्या बसतात तो फिरणारा भाग, उघडून सगळी घरं रिकामी आहेत ना, बघा. मग मुठीची पुढची कड, अगदी खाली. तिथे बारीक स्क्रू असला, तर आत पट्टीची स्प्रिंग आहे आणि तो तिला ताण देतो. म्हणजे जुनी आय-फ्रेम. स्क्रू नसला तरी घाई नको: १९५३ च्या सुधारित आय-फ्रेममध्येही गुंडाळीची स्प्रिंग आली, म्हणून तर घोळ होतो.

आता सिलिंडरच्या खिडकीची, म्हणजे सिलिंडर बसतो त्या फ्रेममधल्या मोकळ्या जागेची, लांबी मापा. १९५० च्या चीफ्स स्पेशल या स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशलचं लांब काडतूस बसवायला ती वाढवली आणि जे-फ्रेम जन्मली. मॉडेल नंबर कोरलेला असेल तर कामच सोपं: ३४ म्हणजे आय, ३४-१ म्हणजे जे.

सिलिंडर उघडायचा खटका मागे ओढावा लागला तर हे सगळं सोडा, ती कोल्ट या दुसऱ्या कंपनीची आहे. कोल्टची डिटेक्टिव्ह स्पेशल (१९२७) छोटी दिसते, पण सहा गोळ्यांची. चीफ्स स्पेशल पाचांची.