घातक कचरा: रजिस्टरमध्ये अकरा ड्रम, शेडमध्ये बावीस. या चुका टाळा

एका एमआयडीसीतल्या छोट्या प्लेटिंग (धातूवर मुलामा चढवणाऱ्या) युनिटमध्ये गेलो होतो. मालक भला माणूस. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कन्सेंटची, म्हणजे परवानगीची, प्रत फ्रेम करून ऑफिसात लावलेली. रजिस्टरमध्ये स्लजचे (रासायनिक गाळाचे) अकरा ड्रम, आणि मागच्या शेडमध्ये जाऊन मोजले तर बावीस. बऱ्याच ड्रमांवरची लेबलं उन्हाने उडून गेलेली. कोपऱ्यातल्या दोन ड्रमांवर खडूने फक्त 'जुना' लिहिलेलं. आत काय आहे, हे कामावरच्या कुणालाच सांगता येईना. ज्या सुपरवायझरला ठाऊक होतं, तो दोन वर्षांपूर्वीच नोकरी सोडून गेलेला. आणि त्या दोन ड्रमांना खेटून अॅसिडचे कॅन.

प्लेटिंगच्या धंद्यात सायनाइड वापरतात. सायनाइडचं पाणी आणि अॅसिड एकत्र आलं की निघणारा वायू माणसाला काही मिनिटांत संपवू शकतो. म्हणून ज्या ड्रममध्ये काय आहे ते माहीत नाही, तोच मला सगळ्यात जास्त धोक्याचा वाटतो.

'आमचं युनिट छोटं, आम्हाला कुठे लागू?'

पहिली चूक हीच, आणि बाकीच्या बहुतेक चुका तिच्यातून निघतात. २०१६ च्या घातक व इतर कचरा नियमांमध्ये 'इतके किलो झाले तरच' अशी सरसकट सूट नाही. मशीनमधून काढलेलं जुनं तेल, तेलाने माखलेल्या चिंध्या, रसायनांचे रिकामे ड्रम, ईटीपीचा (सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा) रासायनिक स्लज हे सगळं पहिल्या अनुसूचीत नावानिशी आहे. चिंध्या घंटागाडीत आणि ड्रम भंगारवाल्याला, हा रिवाज किती जुना आहे ते मला माहीत आहे. पण तो धुऊन न काढलेला ड्रम पुढे पाण्याची टाकी म्हणून विकला जातो. वस्तीत, गोठ्यात, बांधकामावर तो तसा उभा असलेला मी पाहिलाय.

कचरा अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याला देताना एक बारीक गोष्ट बहुतेकांकडून सुटते. त्याच्याकडे मंडळाने दिलेलं पासबुक असतं, आणि माल ताब्यात देण्याआधी त्यात नोंद करायची असते. 'साहेब, पासबुक ऑफिसात राहिलं' असं कुणी म्हणालं, तर ऑइलचा ड्रम त्या दिवशी गाडीत चढवू नका.

नव्वद दिवस

आवारात घातक कचरा जास्तीत जास्त ९० दिवस ठेवता येतो. वर्षाला १० टनांपर्यंत कचरा करणाऱ्या छोट्या युनिटला, आणि इतर काही ठराविक कारणांसाठी, मंडळ मुदत वाढवून देऊ शकतं. पण ती मागावी लागते. 'गाडी भरेल एवढं साठलं की पाठवू' ही सबब तपासणीच्या दिवशी चालत नाही. गाडी भरत नसेल तर शेजारच्या दोन-तीन युनिटांशी आणि कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या सुविधेशी बोलून फेरी एकत्र ठरवा, प्रत्येकाचं मॅनिफेस्ट (मालासोबत जाणारा कागद) मात्र वेगळं. तेही जमत नसेल तर मुदत संपायच्या आत मंडळाकडे अर्ज करा.

साठवणीच्या जागेला छप्पर, पक्की फरशी आणि कडेने बांध हवा, म्हणजे गळालेलं पावसाच्या गटारात जाणार नाही. लेबलसाठी फॉर्म ८ आहे: पिवळी पार्श्वभूमी, लाल ठळक अक्षरं, इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषा, आणि पाण्याने न धुपणारा कागद. मार्करने लिहून वर सेलोटेप मारली तर पहिल्या पावसात ती निघते.

ओला स्लज पाठवू नका

तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीच्या सुविधेत माल गेला की बिल वजनावर होतं, आणि स्लजमध्ये बहुतांश पाणीच असतं. १०० किलो स्लजमध्ये ८० टक्के पाणी असेल, तर घन माल फक्त २० किलो. तोच स्लज ६० टक्के पाण्यापर्यंत आणला की वजन ५० किलोवर येतं, म्हणजे बिल निम्मं. स्लज दाबून पाणी काढणाऱ्या फिल्टर प्रेसचं कापड फाटलंय म्हणून वर्षभर पाण्याचे पैसे मोजणारी युनिटं मी पाहिली आहेत. वाळवण छपराखालीच करा, आणि निथळलेलं पाणी परत ईटीपीत घ्या.

कागद एकमेकांशी बोलतात

सगळ्यात जास्त नोटिसा इथून येतात, म्हणून जरा थांबून सांगतो. ऑथरायझेशनमध्ये (घातक कचऱ्यासाठी मंडळाने दिलेल्या परवानगीत) मंजूर झालेलं प्रमाण, फॉर्म ३ ची रोजची नोंद, फॉर्म १० ची मॅनिफेस्टं, ३० जूनपर्यंत भरायचं फॉर्म ४ चं वार्षिक विवरण आणि ३० सप्टेंबरपर्यंतचं फॉर्म ५ चं पर्यावरण विवरणपत्र, या पाच ठिकाणी एकाच कचऱ्याचा आकडा असतो. हे कागद वेगवेगळ्या महिन्यांत, बरेचदा वेगवेगळी माणसं भरतात. मंजुरी वर्षाला दोन टनांची, मॅनिफेस्टांची बेरीज साडेतीन, आणि फॉर्म ४ मध्ये मंजुरीतला 'दोन' जसाच्या तसा उतरवलेला, हा प्रकार इतका नेहमीचा आहे की तपासणारा अधिकारी आधी तेच बघतो. उत्पादन वाढलं असेल तर ऑथरायझेशनमध्ये दुरुस्ती करून घ्या. आकडा दाबून खरा कचरा कमी होत नाही.

मार्चअखेरीला एका बैठकीत, एकाच पेनाने, एकाच अक्षरात लिहिलेलं रजिस्टर लगेच ओळखू येतं. ड्रम बंद झाला की त्याच दिवशी नोंद, आणि ती ड्रम बंद करणाऱ्या माणसानेच करायची, एवढी शिस्त पुरते.

मॅनिफेस्टच्या सात प्रती आणि सात रंग असतात. पिवळी तुमच्याकडे राहते. निळी प्रत माल घेणारी सुविधा सही करून तुम्हाला परत पाठवते. काम ऑनलाइन होत असलं तरी बघायचं तेच: पलीकडून पोच आली का, आणि तिच्यावरचं वजन तुमच्या वजनाशी जुळतं का. गाडी गेटबाहेर पडली म्हणजे सुटलो, हा समज महागात पडतो. अयोग्य हाताळणीने नुकसान झालं तर कचरा निर्माण करणाऱ्यालाही नियम जबाबदार धरतात.

'आता तुरुंग नाही' असंही हल्ली ऐकू येतं. १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण संरक्षण कायद्यात शिक्षेऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आला, हे खरं. पण दंड भरला नाही तर तुरुंगवासाची तरतूद आहेच, आणि हरित लवाद लावतो ती भरपाई वेगळी.

वस्तीतल्या लोकांसाठी

नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात वालधुनी नदीत टँकरने रसायन सोडलं आणि रात्रीत शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. ६ जानेवारी २०२२ ला सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत टँकर नाल्यात रिकामा होत असताना निघालेल्या वायूने सहा जणांचा जीव घेतला. दोन्ही ठिकाणी टँकर रात्रीच्या अंधारात आला होता.

असा उग्र वास आला की लोक नाल्याकडे बघायला धावतात. तसं करू नका. वाऱ्याला आडवे जात वास येतोय त्या जागेपासून लांब सरका, सखल जागा सोडा, ११२ ला फोन करा. टँकरचा नंबर दिसला तर लांबूनच टिपा, सोबत वेळ आणि जागा. बाटलीत नमुना भरायला जाऊ नका: कायद्यापुढे टिकणारा नमुना मंडळाचे अधिकारीच ठरलेल्या पद्धतीने घेतात, आणि तुमच्या हातात ती बाटली फक्त धोका आहे. मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.

जुन्या, सोडून दिलेल्या कचऱ्याच्या जागांसाठी जुलै २०२५ मध्ये स्वतंत्र नियम आले आहेत. संशयित जागांची माहिती पुढे पाठवण्याची जबाबदारी त्यात जिल्हा प्रशासनावर आहे. म्हणून गावाच्या कडेला तशी जागा असेल तर ग्रामपंचायतीच्या ठरावासह अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयातही द्या. शिवाय घातक कचरा करणाऱ्या कारखान्याच्या मुख्य गेटबाहेर कचरा, सांडपाणी आणि हवेचे आकडे दाखवणारा फलक हवा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००३ चा आदेश आहे. तो वाचायला कुणाची परवानगी लागत नाही.

त्या प्लेटिंग युनिटमध्ये आम्ही त्याच दुपारी अॅसिडचे कॅन दुसऱ्या टोकाला हलवले. वीस ड्रमांना लेबलं लावली आणि रजिस्टरमध्ये खरा आकडा तारखेनिशी लिहिला. मालकाने मंडळाला स्वतः पत्र दिलं आणि मुदतवाढ मागितली. 'जुना' लिहिलेल्या दोन ड्रमांची आधी प्रयोगशाळेत तपासणी करून घेतली. एकात फक्त झाडलोटीची माती निघाली. दुसऱ्यात सायनाइडच्या बाथचा गाळ होता.