नव्या मोटारसायकलमध्ये कंपनीचाच दोष निघाला तर या चुका टाळा

दसऱ्याला घेतलेली माझी मोटारसायकल थंडीभर छान चालली. मार्च लागला, ऊन तापायला लागलं आणि एका दुपारी अंबाजोगाईहून लातूरला जाताना बर्दापूरच्या पुढे ती चालता चालता बंद पडली. झटका नाही, आवाज नाही, दिवा विझावा तशी विझली. लिंबाखाली पंधरा-वीस मिनिटं थांबलो, बटण दाबलं, तर लगेच चालू. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच, जवळपास तेवढंच अंतर गेल्यावर. शेवटी दोष निघाला एका लहानशा कॉइलमध्ये. पण तिथपर्यंत पोचायला अडीच महिने आणि सर्व्हिस सेंटरच्या पाच खेपा लागल्या. यातला निम्म्याहून जास्त वेळ माझ्या चुकांनी खाल्ला. सोयाबीनचे पैसे हातात आल्यावर किंवा हप्त्यावर पहिली गाडी घेणारे आपल्याकडे खूप आहेत. त्यांच्यावर ही वेळ आली तर त्यांनी त्या चुका करू नयेत, म्हणून हे लिहितो आहे.

मुहूर्ताच्या गर्दीत गाडी न बघता घेणं

दसरा, पाडवा, धनत्रयोदशी या दिवशी शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते. गाडीला हार घातला, नारळ फोडला, फोटो काढला की आपण निघतो. गाडी बघायची ती पासिंगचे कागद जाण्याआधी. एकदा आपल्या नावावर नोंद झाली की ‘ही नको, दुसरी द्या’ म्हणायला जागा राहत नाही. म्हणून मुहूर्ताच्या दोन-तीन दिवस आधी जा आणि कागदावरचा चासी नंबर, इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून बघा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २२२५ असेल तर टायर २०२५ च्या बाविसाव्या आठवड्यातला. त्यावरून गाडी गोडाऊनमध्ये किती दिवस पडून होती याचा अंदाज येतो. इंजिनखाली तेलाचा ओलावा, टाकीच्या कडेला रंगाचे फुगे, हँडल सरळ आहे का, एवढं बघायला दहा मिनिटं पुरतात.

प्रत्येक बिघाडाला ‘कंपनी फॉल्ट’ म्हणणं

ही चूक केली की सर्व्हिस सेंटरवाले आपलं पुढचं खरं बोलणंही मनावर घेत नाहीत. त्यामुळे आधी घरच्या घरी काही गोष्टी तपासून घ्याव्यात.

नव्या गाडीच्या सायलेन्सरचा पहिल्या काही दिवसांतला वास, थोडा धूर, गाडी बंद केल्यावर थंड होताना येणारा टिकटिक आवाज हे दोष नाहीत. गाडी अचानक बंद पडली तर साइड स्टँड बघा. बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये स्टँड पूर्ण वर नसेल तर इंजिन बंद होतं, आणि त्याच्या स्विचवर काळ्या रानातला चिखल बसला की स्टँड वर असूनही तसंच होतं. रेस वाढते पण वेग वाढत नाही, तर आधी क्लचच्या केबलला थोडी ढिलाई आहे का बघा. केबल ताणलेली असेल तर क्लच घसरतो.

पावसाळ्यात गाडी झटके खात असेल तर पेट्रोलचा संशय घ्या. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की त्याच्यासकट टाकीच्या तळाशी बसतं. मिस्त्रीला टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढायला सांगा, दोन थर दिसले तर उत्तर मिळालं. आणखी एक गोष्ट आपल्याकडेच जास्त होते. गाडी शेतात किंवा गोठ्यात उभी असते आणि उंदीर वायर कुरतडतात. ते वॉरंटीत बसत नाही.

माझ्यासारखं, म्हणजे तापल्यावर बंद आणि थंड झाल्यावर चालू, असं होत असेल तर एक सोपी परीक्षा आहे. गाडी बंद पडली त्याच जागी, इंजिनाची आच आणि ठिणगी यांपासून सांभाळून, पेट्रोल टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ करून हवा आत ओढली गेली आणि गाडी लगेच चालू झाली, तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलेलं आहे. पेट्रोल संपतं तशी टाकीत हवा शिरली नाही की इंजिनाला पुढचं पेट्रोल मिळत नाही. झाकण उघडूनही चालू होत नसेल आणि नुसतं थांबल्यावरच होत असेल, तर संशय विजेच्या भागांवर जातो, त्यातही पल्सर कॉइलवर. नव्या गाड्यांमध्ये त्याला क्रँक सेन्सर म्हणतात. ही कॉइल बारीक तारेची असते. तार आत कुठे तडकलेली असेल तर उष्णतेने फट उघडते, इंजिन कुठल्या स्थितीत आहे हा निरोप पुढे जात नाही, आणि स्पार्क व पेट्रोल दोन्ही एकदम थांबतात. थंड झाली की तार पुन्हा टेकते. म्हणूनच थंडीत माझी गाडी बिनतक्रार चालली आणि उन्हाळा लागताच दोष वर आला.

जॉब कार्ड न वाचता सही करणं

माझी सगळ्यात मोठी चूक ही. पहिल्या तीन खेपांना मी काउंटरवर सगळी हकीकत तोंडी सांगितली. तिथल्या मुलाने मान डोलावली, संगणकावर काहीतरी टाइप केलं, जॉब कार्ड म्हणजे तक्रार आणि करायचं काम नोंदवलेला कागद पुढे केला, मी सही केली. चौथ्या वेळी जुनी कार्डं काढून बघितली तर तिन्हींवर एकच ओळ होती, ‘जनरल चेकअप’. म्हणजे माझी गाडी भर रस्त्यात बंद पडते अशी तक्रार त्यांच्याकडे एकदाही नोंदली गेलेली नव्हती. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, “दादा, आमच्या सिस्टीममध्ये तुमच्या गाडीला काहीच प्रॉब्लेम दिसत नाही.” तो खोटं बोलत नव्हता. त्याच्यासमोर जे होतं तेच तो सांगत होता.

जॉब कार्डावर जे नाही ते कंपनीच्या लेखी गाडीत नाही, हा धडा मी तिथून शिकलो. पुढे कंपनीकडे जा किंवा ग्राहक आयोगात, सगळी इमारत याच कागदावर उभी राहते. म्हणून तक्रार आपल्या शब्दांत लिहायला लावा, मराठीत असली तरी चालेल. मी पुढे लिहून नेलं ते असं: ‘३५ ते ४० किलोमीटर सलग चालल्यावर, दुपारी, इंजिन आपोआप बंद पडते. १५-२० मिनिटे थांबल्यावर चालू होते. टाकीचे झाकण उघडून फरक पडत नाही. ही तक्रार चौथ्यांदा.’ किती किलोमीटरवर, किती वाजता, किती वेळ हे आकडे हवेत. ‘गाडी नीट चालत नाही’ असं लिहून मेकॅनिकला काही कळत नाही आणि नंतर आपल्याला काही सिद्धही करता येत नाही.

कार्डाची प्रत घेतल्याशिवाय गाडी सोडू नका. गाडी परत घेताना ‘काम समाधानकारक’ असं छापलेल्या जागी सही मागतात. गाडी चालवून न बघता तिथे नुसती सही करू नका. ‘रस्त्यावर तपासून कळवीन’ एवढं हाताने लिहून खाली सही करा. काउंटरवरच्या पोरावर यासाठी चिडायची गरज नाही. शांतपणे लिहिलं की ते मान्य करतात, माझा तरी तसा अनुभव आहे.

आधी गल्लीतल्या मिस्त्रीकडे जाणं

आपला नेहमीचा मिस्त्री हुशार असतो, घरचा असतो, पैसेही कमी घेतो. तरी वॉरंटीतल्या गाडीचं इंजिन किंवा वायरिंग त्याला उघडू देऊ नका. कंपनीला मग ‘बाहेर छेडछाड झाली’ म्हणायला कारण मिळतं. रंगीत लाइट, मोठा हॉर्न, दुसरा सायलेन्सर यांचंही तेच. विजेचा दोष असलेल्या गाडीत बाहेरची वायर जोडलेली दिसली की बोलणं तिथेच संपतं. माझ्या गाडीला हॉर्न बदललेला होता. तो काढून मूळचा बसवायला लागला, त्यात एक खेप वाया गेली.

फ्री सर्व्हिस वेळेवर करा. किलोमीटर आणि दिवस यांतलं जे आधी भरेल ते धरायचं असतं. शेतीच्या कामात गाडी कमी फिरली म्हणून सर्व्हिस पुढे ढकलणारे बरेच जण दिवसांची अट चुकवतात.

थंड गाडी दाखवणं

मी सकाळी गावातून दोन किलोमीटर गाडी नेऊन लावायचो. ते चालू करायचे, एक चक्कर मारायचे आणि म्हणायचे, “ओके आहे की, दादा.” तापल्यावरच दिसणारा दोष थंड गाडीत दिसणार कसा? पाचव्या खेपेला मी भर दुपारी गेलो, त्यांच्या मेकॅनिकला मागे बसवलं आणि गाडी बंद पडेपर्यंत चालवली. ३७ किलोमीटरवर पडली. त्याने तिथेच प्लग काढून बघितला, स्पार्क नव्हता. सगळा वाद त्या एका मिनिटात मिटला.

असं जमत नसेल तर बंद पडलेल्या क्षणी मोबाइलवर व्हिडिओ घ्या. त्यात मीटरवरचे किलोमीटर आणि इंजिनाचा पिवळा दिवा दिसू द्या. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे नवे निकष पाळणाऱ्या) गाड्यांमध्ये बिघाडाचे कोड संगणकात साठतात. सर्व्हिस सेंटरला मशीन जोडायला सांगा आणि कोड पुसण्याआधी त्याचा फोटो घ्या. पण एक लक्षात ठेवा. ब्रेक लागत नसेल, हँडल अडकत असेल किंवा पेट्रोल गळत असेल तर पुरावा गोळा करायला गाडी चालवायची नाही. ती उचलून न्यायला सांगा.

शोरूमशीच भांडत बसणं

गाडी शोरूमने बनवलेली नसते. दोन खेपांत दोष गेला नाही तर थेट कंपनीला लिहा, ईमेलने आणि स्पीड पोस्टने, दोन्हींची पोच जपून. पत्रात चासी नंबर, खरेदीची तारीख, प्रत्येक जॉब कार्डाची तारीख आणि आपली मागणी असू द्या. माझं पत्र जेमतेम एक पान होतं. ते गेल्यावर आठ दिवसांत सर्व्हिस सेंटरमधूनच मला फोन आला.

कंपनीच्या संकेतस्थळावर चासी नंबर टाकून आपल्या गाडीसाठी रिकॉल निघाला आहे का तेही बघा. सुटे भाग लॉटने बनतात. वाळूजच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या माझ्या मेहुण्याने मला सांगितलं की एका पाळीत यंत्राची सेटिंग थोडी हलली तर त्या लॉटचे सगळेच नग कच्चे निघू शकतात. तो लॉट ज्या गाड्यांत गेला त्या परत बोलावून भाग फुकट बदलून देतात, त्याला रिकॉल म्हणायचं. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने असा आदेश द्यायचा अधिकार सरकारलाही मिळाला आहे.

आणि रागाच्या भरात हप्ता थांबवू नका. कर्ज देणाऱ्याचा गाडीच्या दोषाशी संबंध नसतो. दंड लागतो, सिबिल म्हणजे कर्जफेडीची पत बिघडते आणि गाडी ओढून नेली तर पुरावाही हातातून जातो.

‘कोर्टकचेरी आपल्याला झेपणार नाही’ म्हणून सोडून देणं

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथे मराठीत तक्रार नोंदवता येते आणि ते कंपनीपर्यंत पोचवतात. निकाल देण्याचा अधिकार मात्र जिल्हा ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्याने आपल्यासारख्यांसाठी मोठी सोय केली आहे: आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनी चेन्नईची असो की दिल्लीची. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत आयोग आहेत. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवं. तक्रारीत शोरूम आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते, करा. दूध घालणारे किंवा पार्सल पोचवणारे म्हणतात, आमची गाडी धंद्याची, आम्ही कसले ग्राहक? स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली गाडी असेल तर कायदा त्यांनाही ग्राहकच मानतो.

लोक अडकतात ते तज्ज्ञाच्या अहवालापाशी. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग गाडी किंवा तो भाग प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, त्याची फी आधी आपल्याला भरावी लागते. तसा अर्ज वेळेवर न केल्याने खरी तक्रारही पुराव्याअभावी पडू शकते. तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा सांगतो, प्रत्यक्षात वेळ जास्त लागू शकतो, त्याची तयारी ठेवा.

मागणीही विचार करून लिहा. पहिल्याच दिवशी ‘नवी गाडीच द्या’ म्हणून अडून बसलेल्यांचं बोलणं पुढे सरकत नाही. एका मोटारीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटलं आहे की काही भागांत दोष असेल तर तो भाग बदलून द्यावा, त्यासाठी अख्खी गाडी बदलण्याचा आदेश योग्य नाही. तेव्हा भाग बदलून द्या, तो नव्याने किती काळ वॉरंटीत राहील ते लेखी द्या, आणि वारंवार दुरुस्त करूनही दोष गेला नाही तर गाडी बदला किंवा व्याजासह पैसे परत करा, अशी पायरीपायरीने मागणी ठेवा. झालेला खर्च आणि मनस्ताप यांची भरपाई वेगळी मागता येते.

माझं प्रकरण आयोगापर्यंत गेलं नाही. मेच्या शेवटी कॉइल बदलली. जुनी कॉइल वॉरंटीत कंपनीकडे परत जाते, म्हणून मी तिचा फोटो काढून घेतला आणि नव्या कॉइलचा पार्ट नंबर शून्य रुपयांच्या बिलावर लिहून घेतला. सही करण्याआधी दुपारी दोनला लातूरच्या रस्त्याला लागलो. बर्दापूर गेलं, रेणापूर गेलं, गाडी लातूरला जाऊन परत अंबाजोगाईत आली. मग कार्डावर सही केली.