विमान पत्र्याचं की फायबरचं? खान्देशात बांधताना या चुका टाळा

कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत गच्चीवर बांधलेलं विमान २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून उडालं. तेव्हापासून आमच्या भागातली पोरं हमखास विचारतात, "भाऊ, ॲल्युमिनियम घेऊ की कंपोझिट?" कंपोझिट म्हणजे काचेचं किंवा कार्बनचं कापड रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या चिकट राळेत) भिजवून केलेलं फायबर. मी म्हणतो, आधी तुझं शेड दाखव. दोन्ही प्रकारची विमानं वर्षानुवर्षं उडताहेत. सेसना १७२ हे छोटं विमान ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं आहे, तर आपल्या एनएएलचं (बंगळुरूच्या सरकारी विमान प्रयोगशाळेचं) हंसा कंपोझिटचं, आणि तेही १९९३ पासून उडतंय. चूक साहित्यात नसते. आपलं ऊन आणि आपले हात न बघता निवड केली की ती होते.

"फायबरचा कारागीर गावातच आहे"

ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते. पाण्याच्या टाक्या, दरवाजे, कूलरची बॉडी करणारा कारागीर हाताने पक्का असतो, पण तो वापरतो पॉलिएस्टर रेझिन. त्यात हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) अंदाजाने टाकला तरी चालतं. थोडा जास्त पडला तर रेझिन लवकर घट्ट होतं, एवढंच. विमानाला लागतं इपॉक्सी हे दुसऱ्या जातीचं रेझिन, आणि त्याचा हिशोब वेगळा आहे. हार्डनर जास्त टाकून इपॉक्सी लवकर सुकत नाही, उलट कायमचं मऊ राहतं. प्रमाण काट्यावर मोजायचं, दर वेळी, अगदी छोट्या तुकड्यासाठीसुद्धा.

दुसऱ्या दिवशीही थर चिकट लागला तर वरून हार्डनर लावणं किंवा नवा थर चढवणं हा उपाय नाही. तेवढा भाग खरवडून काढा. जीव तुटतो, मला माहीत आहे, पण काढाच. आणखी एक: पंखाच्या गाभ्याला पॉलिस्टायरीनचा फोम वापरला असेल तर पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन तो विरघळवून टाकतं. पेट्रोलनेही तेच होतं. वरचं कापड जागच्या जागी आणि आत पोकळ!

दुपारी लेअप (रेझिन लावून कापडाचे थर चढवणं)

मिश्रण किती वेळ वापरता येईल ते रेझिनच्या डब्यावर लिहिलेलं असतं, पण ती वेळ साधारण २५ अंशांसाठी असते. दर १० अंशांमागे ती निम्म्यावर येते, असा ढोबळ हिशोब धरा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तिथे अर्ध्या तासाची सात-आठ मिनिटं उरतात. एका मित्राच्या शेडमध्ये एप्रिलच्या दुपारी अर्धा लिटर मिश्रण एकाच मगात केलं होतं. कापडापर्यंत पोचायच्या आत मग हाताला पोळायला लागला आणि त्यातून धूर निघाला. रेझिन खोल भांड्यात साचलं की स्वतःच्याच उष्णतेने पेट घेतल्यासारखं तापतं. पसरट ट्रेमध्ये, थोडं थोडं कालवा आणि काम पहाटे करा. पावसाळ्यात ओलसर हवेने थरावर मेणचट साय येते. पुढचा थर द्यायच्या आधी ती पाण्याने धुऊन, घासून काढा, नाहीतर दोन थर एकमेकांना धरणार नाहीत.

विमानाला गडद रंग

नुसत्या हवेवर सुकवलेलं इपॉक्सी साठ-सत्तर अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. नंतर नियंत्रित उष्णता देऊन मुरवलं तर ही मर्यादा वाढते, म्हणून ती पायरी गाळू नका. गडद रंगाचा पंख उन्हात ८० च्या पुढे सहज जातो. कंपोझिट विमानं बहुतेक पांढरी दिसतात ती हौसेने नाही. डायमंड डीए-२० या छोट्या कंपोझिट विमानात तर ढाच्याचं तापमान ५५ अंशांवर गेलं की दाखवणारी खूणच बसवलेली असते. निळाभोर पंख हवाच असेल तर पत्रा घ्या.

पत्रा म्हणजे गॅरेजचं काम

हाही गैरसमज. २०२४-टी३ या विमानाच्या ॲल्युमिनियम पत्र्याला वेल्डिंग लावू नका आणि ठोकून सरळ करू नका. रिव्हेटच्या भोकाचं मध्य कडेपासून रिव्हेटच्या व्यासाच्या दुप्पट तरी आत हवं. खुणा पेन्सिलने करू नका, ग्राफाइटमुळे गंज धरतो. टोकदार खिळ्याने तर मुळीच नको, त्याच ओरखड्यातून पुढे तडा जातो. रिव्हेटभोवती काळसर शेपूट दिसलं तर तो सैल झाला आहे. पुसू नका, बदला.

कोकणातला खारा वारा आपल्याकडे नाही, ही पत्र्याची जमेची बाजू. पण युरिया-पोटॅशच्या गोण्या ठेवतात त्याच शेडमध्ये पंख ठेवला तर ती बाजू गेली. खत आणि उंदरांचं मूत दोन्ही ॲल्युमिनियम खातात.

"कंपोझिट म्हणजे हलकंच"

काचेचं कापड पत्र्यापेक्षा हलकं असतं, पण त्याचा ताठपणा पत्र्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढा. हाताने रेझिन जास्त ओतलं की उरलेला फायदाही जातो, कारण जास्तीचं रेझिन ताकद देत नाही, नुसतं वजन वाढवतं. कार्बन कापड ताठ आहे, पण ते ॲल्युमिनियमला थेट टेकवू नका. मध्ये काचेच्या कापडाचा थर हवाच, नाहीतर ॲल्युमिनियम कुजतं.

नुकसान शोधणंही दोन्हींत वेगळं. पत्र्याला मार लागला तर पोचा दिसतो. फायबरवर पाना पडला तर वर काहीच दिसत नाही आणि आत थर सुटलेला असतो. रुपयाचं नाणं घेऊन टकटक करत सगळा पंख फिरा. खणखणीत आवाज बद्द झाला, तिथे मार्करने वर्तुळ करा.

माझ्याकडे येणाऱ्याला मी विमानाचं किट (जोडायचे तयार सुटे भाग) मागवण्याआधी एक काम देतो. दोन्ही साहित्यांचा फूटभर लांबीचा पंखाचा तुकडा स्वतःच्या शेडमध्ये, स्वतःच्या हाताने कर. दोन्ही वजनकाट्यावर ठेव. मग मे महिन्यात आठवडाभर गच्चीवर ठेवून दे, भरदुपारी वर विटा ठेव आणि कोणता किती वाकतो ते मोजून वहीत लिहून आण.