युद्धपटातील बंदुका सांभाळू पाहणाऱ्यांसाठी

नागपुरात राहून चित्रपटाच्या कलाविभागात काम मिळवणे किती कठीण आहे, हे हा लेख वाचणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. मुंबईचे युनिट विदर्भात येते तेव्हा जेवण, गाड्या आणि गर्दी एवढेच स्थानिकांच्या वाट्याला येते. शस्त्रांची पेटी परवानाधारक पुरवठादाराच्या माणसासोबतच येते आणि त्याच्यासोबतच परत जाते. तरीही युद्धपटात, विशेषतः ओलिसांची किंवा जखमी जवानांची सुटका हा ज्याचा गाभा असतो अशा चित्रपटात, एकेका प्रसंगाला इतकी शस्त्रे लागतात की स्थानिक हातांवाचून भागत नाही. मी त्याच फटीतून आत शिरले आणि आजही दर नव्या कामाच्या वेळी मला पुन्हा पहिल्यापासून स्वतःला सिद्ध करावे लागते.

सुटकेच्या प्रसंगात बंदूक चालण्यापेक्षा लोंबकळते अधिक, हे पटकथा वाचताना कुणाच्या लक्षात येत नाही. नट खांद्यावर जखमी साथीदाराला घेऊन पळतो, तेव्हा त्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात आणि पट्ट्याला अडकवलेली रायफल पाठीवरून घसरून नेमकी त्या साथीदाराच्या तोंडावर आपटते. इन्सास ही भारतीय बनावटीची लष्करी रायफल रिकामी असतानाही चार किलोंच्या वर भरते. तेवढ्याच वजनाची धातूची प्रतिकृती पळत्या माणसाच्या अंगावर असेल तर दात पडायला वेळ लागत नाही. म्हणून एकाच रायफलीची किमान तीन रूपे तयार ठेवावी लागतात: जवळच्या चित्रणासाठी धातूची, पळापळीसाठी रबराची आणि गोळीबार दाखवायचा असेल तर आवाज किंवा ज्वाला देणारी. तिन्हींवर ओरखडे त्याच जागी हवेत आणि पट्टा त्याच कडीत अडकवलेला हवा.

रबराच्या बंदुकीविषयी एक खास नागपुरी सूचना. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना बंद गाडीत ठेवलेल्या रबरी रायफलीची नळी संध्याकाळपर्यंत खाली झुकते आणि कॅमेऱ्यासमोर ती क्षणात उघडी पडते. साच्यात रबर ओतण्यापूर्वीच नळीच्या मधोमध पोलादी सळई बसवा. त्याने नळी सरळ राहते आणि थोडे वजनही येते. साचाकाम मी नागपूरच्या महाल भागातल्या चितार ओळीत, मूर्तिकारांच्या शेजारी बसून शिकले. साच्यातून वस्तू कान-नाक न तुटता कशी सोडवावी, हे त्या कारागिरांइतके चांगले मला कुणी शिकवलेले नाही. हजारो रुपये घेऊन दोन दिवसांत ‘प्रॉप मेकिंग’ शिकवणाऱ्या शिबिरांपेक्षा गणपतीच्या हंगामाआधीचा एक महिना तिथे घालवावा, असे माझे ठाम मत आहे.

काळाचे भान ठेवा. १९७१ च्या युद्धावरील चित्रपटात भारतीय जवानाच्या हाती एसएलआर ही त्या काळची रायफल हवी, इन्सास नव्हे. इन्सास कारगिलच्या वेळी, म्हणजे १९९९ मध्ये, जवानांच्या हाती होती. तिचे २० गोळ्यांचे मॅगझिन अर्धपारदर्शक असते, त्यामुळे आतली काडतुसे बाहेरून दिसतात. बरीच चकमक झाल्यावरही ते भरलेले दिसले तर जाणकार प्रेक्षक तिथेच चित्रपटातून बाहेर पडतो. एके-४७ मिनिटाला सुमारे ६०० गोळ्या या वेगाने चालते, म्हणजे ३० गोळ्यांचे मॅगझिन सलग चालवल्यास तीन सेकंदांत संपते. हा हिशेब दिग्दर्शकाला चित्रीकरणाआधी सांगा. मॅगझिन बदलण्याचा क्षण प्रसंगात कुठे बसवता येईल याचा विचार त्याला सुचतो, आणि तुमच्याकडे पाहण्याची त्याची दृष्टीही बदलते.

आता ज्या सापळ्यासाठी हे सारे लिहायला घेतले, त्याकडे येते. तो सापळा म्हणजे भीड. सेटवर बंदूक हातोहात फिरते. पुरवठादाराचा माणूस ती सहायक दिग्दर्शकाकडे देतो, तो फाइट मास्टरकडे, फाइट मास्टर नटाकडे. आणि प्रत्येक जण पुढच्याला सांगतो की पाहिली आहे, रिकामी आहे. या साखळीत सर्वांत नवखे तुम्ही असता. वीस वर्षे काम केलेल्या माणसाने पुढे केलेली बंदूक त्याच्या देखत पुन्हा उघडून पाहणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, असे वाटते आणि हात आखडतो. भीड भिकेची बहीण, असे आपल्याकडे म्हणतात. या कामात तिची किंमत भिकेवर थांबत नाही.

काय होऊ शकते, ते पाहा. १९८४ मध्ये अमेरिकन नट जॉन-एरिक हेक्सम याने मालिकेच्या सेटवर ब्लँक काडतूस असलेले रिव्हॉल्व्हर कानशिलाला लावून चाप ओढला. ब्लँकमध्ये गोळी नसते. पण दारू असते, तोंडाशी बोळा असतो आणि नळीतून सुटणारा वायूचा दाब असतो. तेवढ्याने त्याची कवटी फुटली आणि काही दिवसांनी तो मरण पावला. ३१ मार्च १९९३ रोजी नट ब्रँडन ली गेला, त्याचे कारण डमी, म्हणजे नुसते दिसण्यापुरते, न उडणारे काडतूस होते. जवळच्या चित्रणासाठी खऱ्या काडतुसांतली दारू काढून डमी तयार केल्या होत्या, पण त्यांची टोपी, म्हणजे बुडाशी ठिणगी पाडणारा भाग, जिवंत राहिली होती. त्या टोपीच्या ठिणगीने गोळी नळीत ढकलली जाऊन तिथेच अडकली, कुणी नळीत डोकावले नाही, आणि पुढे त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ब्लँक भरून चाप ओढल्यावर ती अडकलेली गोळी त्याच्या पोटात शिरली. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात छायाचित्रणकार हलिना हचिन्स यांचा जीव घेणारे काडतूस तर खरेच होते, आणि ती बंदूक निर्धोक असल्याचे सेटवर सांगितले गेले होते. त्या सेटवरची आर्मरर, म्हणजे शस्त्रे सांभाळणारी, तेव्हा चोवीस वर्षांची होती. तिला २०२४ मध्ये अठरा महिन्यांची कैद झाली. सहायक दिग्दर्शकाला सहा महिन्यांच्या परिविक्षेवर सोडण्यात आले. सेटवर अधिकार कुणाचा चालतो आणि खटल्यात मान कुणाची सापडते, याचा विचार नवोदितांनी शांतपणे करावा.

तपासणीला एक मिनिटही लागत नाही. चापावर बोट न ठेवता नळी जमिनीकडे धरा. आधी मॅगझिन काढा, मग बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा सरकता भाग, मागे ओढा. हा क्रम उलटा केला तर मॅगझिनमधले काडतूस पुन्हा चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खाचेत, चढू शकते. चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहा आणि करंगळी घालून चाचपा, कारण रात्रीच्या चित्रीकरणात डोळा फसतो. मग चेंबरच्या बाजूने छोट्या टॉर्चचा उजेड टाकून पांढऱ्या कागदावर तो नळीतून गोल आणि पूर्ण पडतो का, ते पाहा. हे शेवटचे पाऊल गाळले जाते, आणि ब्रँडन लीच्या बाबतीत नेमके हेच राहून गेले होते. डमी काडतुसे एकेक करून कानाशी हलवा. चांगल्या डमीत छर्रा असतो आणि तो खुळखुळतो, किंवा तिच्या अंगाला आरपार भोक पाडलेले असते. यांपैकी काहीच नसेल तर ते काडतूस सेटवर येता कामा नये, मग ते कुणीही आणलेले असो. शेवटी हे सर्व नटासमोर पुन्हा करा आणि त्यालाही आत पाहू द्या. बंदुकीसमोर ज्याला उभे राहायचे आहे, त्याचा तो हक्क आहे.

हे मी करू लागले तेव्हा एका सेटवर मला सर्वांसमोर ऐकवले गेले, “मॅडम, मी सकाळीच पाहिली आहे, शॉट जातोय.” मी बंदूक उघडून पाहिली. ती रिकामीच होती. दुसऱ्या दिवसापासून मला बोलावणे आले नाही आणि राहिलेले मानधनही बुडाले. तुमच्या बाबतीतही हे होईल, हे आधीच सांगून ठेवते. मात्र त्यानंतर मला एक वाट सापडली. चित्रीकरणाच्या पहिल्याच सकाळी, कॅमेरा लागण्यापूर्वी, सर्वांसमोर नियम जाहीर करायचा की बंदूक ज्याच्या हाती जाईल तो ती उघडून पाहील, आणि सुरुवात दिग्दर्शकापासून करायची. मग तो अविश्वास राहत नाही, शिरस्ता होतो. ज्यांनी हे एकदा पाहिले, त्यांतले काही जण पुढे मला आपणहून बोलावू लागले.

धीर देणारी गोष्ट अशी की आता पुष्कळ प्रसंगांत गोळीबार करावाच लागत नाही. नळीतली ज्वाला संगणकावर भरता येते, आणि ते जुन्या फाइट मास्टरांना पटले नाही तरी मी त्याच बाजूची आहे. ब्लँकचा आग्रह झालाच तर समोर किमान वीस फूट कुणी नको, आणि नेम नटाच्या शेजारून जाईल असा कॅमेऱ्याचा कोन हवा. ब्लँकमध्ये गोळी नसल्याने स्वयंचलित रायफलीत पुरेसा दाब तयार होत नाही आणि त्यासाठी नळीच्या तोंडाशी अडथळा बसवावा लागतो. ते काम परवानाधारक पुरवठादाराच्या माणसाचेच आहे. स्फोट आणि धूर हा तर निराळाच विषय आहे. स्फोटकांचे नियमन करणाऱ्या पेसोचे मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे, त्यामुळे ठाऊक नव्हते ही सबब नागपूरकराला शोभत नाही.

गुरू कोण करावा? माझे उत्तर कामठी परिसरातील निवृत्त जवान. रायफल धरताना तर्जनी चापाच्या कडीबाहेर सरळ ठेवायची, हे मला अशाच एका हवालदारांनी शिकवले. त्यांनी बोट आत गेले की दर वेळी सराव थांबवला. त्यामुळे सुरक्षितता आली आणि नट खरा जवान दिसू लागला, तो वेगळा लाभ. व्हिडिओ पाहून शिकलेल्यांचे बोट मात्र गडबडीत आत जातेच.

कायद्याबाबत थोडक्यात सांगते. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ स्वतः वाचा. अधिनियमाच्या कलम ६ नुसार प्रतिकृतीचे परवान्याविना खऱ्या बंदुकीत रूपांतर करणे गुन्हा आहे, म्हणून बंद नळीच्या प्रतिकृतीला हौसेने भोक पाडू नका. शहरातले चित्रीकरण पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येते, तर उमरेड किंवा रामटेकचे ग्रामीण पोलिसांच्या. रस्ता दोन्ही हद्दींतून जात असेल तर दोन्हीकडे लेखी कळवा आणि पोचेची प्रत गाडीत ठेवा. निवडणुकीच्या काळात नाकाबंदी कडक असते. झाडीपट्टीच्या नाटकांसाठी वडसा-गडचिरोलीकडे प्रतिकृती नेत असाल तर रात्रीचा प्रवास टाळाच. तिथे अंधारात खांद्यावर दिसणारी रबरी रायफलही जिवावर बेतू शकते.

पॅकअप झाल्यावर सर्वांना घरची ओढ लागते, आणि गफलती त्याच वेळी होतात. प्रत्येक शस्त्राला क्रमांकाची चिठ्ठी बांधा, सकाळच्या नोंदवहीशी मोजदाद जुळवा, ब्लँक आणि डमी वेगवेगळ्या रंगांच्या डब्यांत ठेवून वापरलेल्या रिकाम्या पुंगळ्याही मोजून परत घ्या. मोजदाद जुळेपर्यंत एकही गाडी सोडू नका, आणि पेटीची किल्ली कुणाकडे दिली ते त्याच्या सहीसह वहीत लिहून घ्या.