लहान मुलांना घरात खाण्याच्या चांगल्या सवयी कशा लावाव्यात

मूल नीट जेवत नाही ही तक्रार बहुतेक घरांत ते दीड-दोन वर्षांचे झाल्यावर सुरू होते आणि त्याला सबळ कारण आहे. पहिल्या वर्षात बाळाचे वजन जन्मवजनाच्या साधारण तिप्पट होते, दुसऱ्या वर्षात मात्र ते सरासरी दोन-अडीच किलोनेच वाढते. वाढीचा वेग मंदावला की भूकही कमी होते. शिवाय साधारण दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान अनोळखी पदार्थाला तोंड न लावण्याची प्रवृत्ती सर्वांत तीव्र असते. या दोन्ही गोष्टी निरोगी वाढीचाच भाग आहेत, पण त्या ठाऊक नसल्या की आग्रह, आमिष आणि धाक यांनी जेवणाची वेळ भरून जाते, आणि सवयी बिघडायला सुरुवात होते ती बहुधा तिथूनच. म्हणून पुढील पायऱ्यांपैकी बहुतेक मुलांसाठी नसून घरातील मोठ्या माणसांसाठी आहेत.

पहिली पायरी : कोणी काय ठरवायचे ते निश्चित करा

अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी या बाबतीत एक साधी विभागणी सुचवली आहे. काय वाढायचे, केव्हा वाढायचे आणि कुठे बसून खायचे हे पालकांनी ठरवावे. वाढलेल्यापैकी खायचे की नाही आणि खायचे तर किती, हे मुलाने ठरवावे. ऐकायला सोपी वाटणारी ही गोष्ट आचरणात आणणे अवघड जाते, कारण दोन घास खाऊन उठलेल्या मुलाला अडवू नये असा तिचा अर्थ होतो.

तरीही मुलाच्या भुकेवर विश्वास ठेवण्याला आधार आहे. क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञांनी नुकतेच दूध सुटू लागलेल्या बाळांसमोर अनेक साधे, ताजे पदार्थ ठेवून त्यांना हवे ते आणि हवे तेवढे खाऊ दिले आणि त्याविषयीचा पहिला अहवाल १९२८ मध्ये प्रसिद्ध केला. प्रत्येक बाळाची निवड वेगळी होती आणि एकाच बाळाची निवडही दिवसागणिक बदलत होती, पण वाढ सगळ्यांची चांगली झाली. मात्र त्या पदार्थांत साखर घातलेले किंवा कारखान्यात प्रक्रिया केलेले असे काहीच नव्हते, हे विसरून चालणार नाही. मुलाला मोकळीक द्यायची ती मोठ्यांनी विचारपूर्वक निवडलेल्या पदार्थांच्या मर्यादेत, आणि म्हणून पालकांच्या वाट्याची जबाबदारी यात कमी होत नाही, उलट वाढते.

वाढताना सुरुवात थोड्यापासून करावी. वयाच्या प्रत्येक वर्षामागे प्रत्येक पदार्थ एक मोठा चमचा, हे प्रमाण आरंभाला पुरेसे आहे. मुलाने मागितले तर आणखी द्यावे. ताट संपवलेच पाहिजे असा नियम ठेवल्याने मूल पोट भरल्याच्या जाणिवेकडे दुर्लक्ष करायला शिकते.

दुसरी पायरी : खाण्याच्या वेळा बांधून घ्या

तीन जेवणे आणि मधल्या वेळचे दोनदा खाणे, यांत दोन ते तीन तासांचे अंतर ठेवावे आणि त्या दरम्यान फक्त पाणी द्यावे. दिवसभर काही ना काही चघळत राहणाऱ्या मुलाला जेवणाच्या वेळी भूक कशी लागणार? यात सर्वांत सहज नजरेआड होते ते दूध. एक वर्षानंतर दिवसाला साधारण अर्धा लिटर दूध पुरते; त्याहून बरेच जास्त प्यायल्यास पोट दुधानेच भरते, इतर अन्न मागे पडते आणि लोहाची कमतरता होण्याचा धोका वाढतो. फळांच्या रसाचेही तसेच आहे. एक वर्षापर्यंत तो देऊच नये, आणि एक ते तीन वर्षांपर्यंत दिवसाला १२० मिलिलिटरपेक्षा जास्त देऊ नये, असा अमेरिकी बालरोग अकादमीचा सल्ला आहे. त्याऐवजी अख्खे फळ केव्हाही चांगले.

तिसरी पायरी : नवा पदार्थ पुन्हा पुन्हा समोर आणा

या पायरीवर सर्वाधिक चिकाटी लागते आणि बहुतेक घरे इथेच फार लवकर थांबतात. दोन-तीनदा नाकारला की ‘त्याला ते आवडत नाही’ असा शिक्का पदार्थावर बसतो आणि तो ताटातून हद्दपार होतो. प्रत्यक्षात एखादी चव ओळखीची होऊन आवडू लागण्यासाठी ती आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही चाखावी लागते.

म्हणून नवी भाजी अगदी थोडी, अर्धा चमचा, मुलाला आवडणाऱ्या एखाद्या पदार्थाच्या शेजारी वाढावी आणि तिच्याविषयी काहीही बोलू नये. मुलाने ती हाताळली, हुंगली, जिभेला लावून परत ठेवली, तरी ती प्रगतीच समजावी. काही दिवसांनी तीच भाजी वेगळ्या प्रकारे, कधी उकडून, कधी भाजून, कधी लांब फोडी करून द्यावी. आवडत्या पदार्थात भाजी लपवून घातल्याने पोषण मिळते खरे, पण त्या भाजीशी ओळख होत नाही; त्यामुळे लपवलेली भाजी दिली तरी दिसणारी भाजीही ताटात असलीच पाहिजे. भाज्या निवडणे, धुणे, शेंगा सोलणे ही कामे तीन वर्षांचे मूलही करू शकते, आणि स्वतः हाताळलेला पदार्थ चाखून पाहायला ते अधिक सहज तयार होते.

चौथी पायरी : आमिष आणि शिक्षा दोन्ही थांबवा

‘भाजी संपवलीस तर गोड मिळेल’ हे वाक्य मुलाला दोन गोष्टी शिकवते : भाजी हे सोसायचे काम आहे आणि गोड पदार्थ हे बक्षीस आहे. मुलांच्या खाण्याच्या आवडीनिवडींवर संशोधन करणाऱ्या लीअॅन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या प्रयोगात, एक पेय प्यायल्याबद्दल मुलांना बक्षीस किंवा शाबासकी दिली तेव्हा त्या पेयाची आवड वाढण्याऐवजी घटली. याउलट, डोळ्यांसमोर ठेवून मनाई केलेल्या खाऊचे आकर्षण वाढते. म्हणून जो खाऊ मुलाने रोज खाऊ नये असे वाटते, तो कपाटात कुलूपबंद करण्यापेक्षा घरात कमी आणावा, आणि आणला त्या दिवशी सर्वांनी मिळून, कोणतीही अट न घालता खावा.

साखर आणि मध यांबाबत थोडक्यात सांगायचे तर, दोन वर्षांपर्यंत वरून साखर घालू नये आणि एक वर्षापर्यंत मध मुळीच देऊ नये, कारण त्यातून बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. अख्खे दाणे आणि सुका मेवा लहान मुलांच्या घशात अडकतात, म्हणून ते कुटून द्यावेत. द्राक्षे उभी चिरावीत.

पाचवी पायरी : घरातील सर्वांचे एकमत करा

आईवडिलांनी आग्रह सोडला आणि आजी-आजोबा किंवा सांभाळणारी व्यक्ती मागे फिरून घास भरवत राहिली, तर वरील सर्व पायऱ्या निष्फळ होतात. मायेपोटी भरवणाऱ्यांना दोष न देता, वाढीचा आणि भुकेचा संबंध त्यांना शांतपणे समजावून सांगावा. दिवसातील निदान एक जेवण सर्वांनी एकत्र बसून, दूरदर्शन आणि मोबाईल बंद ठेवून, तेच अन्न खात घ्यावे. मोठी माणसे जे खाताना दिसतात, तेच मुलांना खाण्याजोगे वाटते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

एका दिवसाच्या जेवणावरून निष्कर्ष काढू नये. आठवडाभराचे खाणे एकत्र पाहावे. मात्र वजन घटत असेल किंवा वाढीच्या तक्त्यावरील रेषा खाली घसरत असेल, गिळताना वारंवार ठसका लागत असेल, उलट्या होत असतील, किंवा मूल मोजकेच पदार्थ खात असून तेही एकेक करून सोडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. जाताना मुलाने गेल्या आठवड्यात काय, केव्हा आणि किती खाल्ले व दूध किती प्यायले, याची नोंद सोबत न्यावी.